सोनझरींच्या सोन्याची गलाई आणि टंच: वैनगंगेकाठच्या एका दुकानाचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावी सराफा ओळीच्या टोकाला गलाईचे, म्हणजे सोने-चांदी वितळवून देण्याचे, एक जुने दुकान आहे. सराफ मंडळी तेथे किलोच्या हिशेबाने चांदी आणि तोळ्याच्या हिशेबाने मोड (जुने मोडीचे सोने) घेऊन येतात, त्यामुळे दुकानाचे नाव झाले आहे ते त्यांच्यामुळे. मला मात्र त्याचे परीक्षण त्याच्या सर्वांत लहान गिऱ्हाइकाच्या, म्हणजे सोनझरी कुटुंबांच्या बाजूने करायचे आहे. कारण महिनाभराच्या कष्टाचे मोल एका ग्रॅमभर सोन्यावर ठरते, तेव्हा काटा आणि टंच (सोन्याच्या शुद्धतेचा शेकडा आकडा) यांतील खोट त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक महागात पडते.

नदीनाल्यांची रेती धुऊन सोन्याचे कण वेचणारा हा समाज. बालाघाट, मंडला आणि चांदा भागातील त्यांच्या या व्यवसायाची नोंद 1916 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांताच्या जातीजमातींच्या वर्णनात आहे. आज आमच्या भागातील सोनझरींची मिळकत नदीपेक्षा सराफा ओळीवर अधिक अवलंबून आहे. दुकाने उघडण्यापूर्वी पायऱ्यांपुढची धूळ झाडायची, नालीतला गाळ घमेल्यात भरायचा, सोनाराच्या शेगडीची राख विकत घ्यायची आणि हे सारे उथळ लाकडी पाटीत पाणी घालून हलवत राहायचे. सोने वाळूपेक्षा सातपट जड असल्याने ते तळाशी काळ्या रेतीबरोबर उरते. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने काढतात, उरलेल्या मालात पारा चोळतात, तो कापडातून पिळतात आणि हाती येते ती पाऱ्याने माखलेली राखाडी गोळी.

दुकानाचे मालक सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यांतलेच हे एक घर. त्यांच्या कामाची पद्धत मी आमच्या टोलीतील एका वयस्क बाईंबरोबर जाऊन नीट पाहिली आहे. पारा उडवून आणलेली तुरीच्या दाण्याएवढी गोळी त्यांनी काट्यावर ठेवली, पंखा बंद केला, काट्याची काच लावली आणि आकडा बाईंकडे वळवला. बाईंना अक्षरओळख नाही. “भाऊ, आकडा मोठ्यानं सांगा जी,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांनी “मावशी, एक ग्रॅम दोनशे चाळीस मिली,” असे दोनदा सांगितले. मग मुशीत टाकणखार घालून गोळी वितळवली. मळ गेल्यावर वजन 1.130 ग्रॅम भरले. मुशीला चिकटलेले बारीक मणी त्यांनी खरवडून त्यातच धरले होते, हे मला विशेष वाटले, कारण पुष्कळ ठिकाणी ते दुकानातच राहतात.

टंच काढण्याआधी त्यांनी तो मणी हातोडीने चपटा केला आणि मशीनवर दोन्ही बाजूंनी तपासला. हे आवश्यकच आहे. क्ष-किरणांचे मशीन फक्त वरच्या पातळ थराचा कस सांगते आणि नालीतल्या सोन्यात तांबे, चांदी, डाक (दागिने जोडायचा मिश्रधातू) यांची भेसळ असतेच. एका बाजूने 84.3 आणि दुसऱ्या बाजूने 84.7 आले, त्यांनी 84.5 धरले. शुद्ध सोने 0.955 ग्रॅम.

हा आकडा किती नाजूक आहे, ते पाहा. याच मण्याचा टंच कोणी तीन अंकांनी कमी सांगितला, तर सुमारे 34 मिलीग्रॅम शुद्ध सोने जाते. दहा हजार रुपये ग्रॅम असा सोपा भाव धरला, तरी ते 340 रुपये होतात. रोजगार हमीची 2025-26 ची महाराष्ट्रातील दिवसाची मजुरी 312 रुपये होती, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहून जास्त गेले. दुसऱ्या एका गावी, ज्या दुकानाचे नाव मी घेत नाही, टंच कागदावर न दाखवता तोंडी सांगत आणि कपात मागाहून कळे. येथे कपात आधी सांगतात, पैसे रोख देतात. पावतीवर वजन आणि टंच असतो, पण दिवसाचा भाव नसतो आणि पावती मागावी लागते. ती न मागता मिळाली पाहिजे.

माझी खरी तक्रार पाऱ्याविषयी आहे. काही जण गोळी तशीच ओली, म्हणजे पारा न उडवता, आणतात आणि ती दुकानातच उघड्या बत्तीवर तापवली जाते. धुरांडे छपराच्या खालीच संपते आणि तान्ही मुले कडेवर घेतलेल्या बाया तेथेच उभ्या असतात. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, पण ती फुप्फुसांतून रक्तात जाते, मेंदू आणि मूत्रपिंडांना अपाय करते आणि गर्भातील बाळापर्यंत पोहोचते. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे 38 टक्के पारा लहान प्रमाणावरील सोनेकामातून येतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची 2018 ची पाहणी सांगते. त्याच वर्षी भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार मान्य केला. उपाय फार खर्चाचा नाही. झाकणबंद लोखंडी भांडे आणि थंड पाण्यातून नेलेली नळी असली, की वाफ पुन्हा पारा होऊन खाली उतरते, तो पारा परत वापरता येतो आणि सोनझरींचा खर्चही वाचतो. फिलिपिन्सच्या बेंगेट प्रांतातील लहान खाणकामगार तर बारीक धुतलेला माल पाऱ्याशिवाय, थेट टाकणखाराबरोबर वितळवतात. टाकणखार आणि भट्टी दोन्ही या दुकानात आहेत. मालकांनी हा प्रयोग थोड्या मालावर करून पाहावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. मी ती त्यांच्याकडेही केली आहे आणि त्यांनी ती मनावर घेतलेली दिसली.

बाजाराच्या दिवशी सराफांचा माल आधी घेतात आणि सोनझरी बायांना दुपारपर्यंत ओट्यावर बसावे लागते, म्हणून बाजार सोडून इतर दिवशी सकाळी जावे. पारा असलेली गोळी नेऊ नये. आकडे वाचणारे कोणी तरी बरोबर असावे आणि पावतीवर भाव लिहून घ्यावा.