मचूळ विहिरीसाठी 75 जीपीडीचे घरगुती आरओ: घ्यावे की नाही?

किनाऱ्यालगतच्या विहिरींची दोन दुखणी असतात. पावसात जांभ्याची लाल माती उतरून पाणी गढूळ होते, आणि मे महिन्यात पातळी खाली गेली की खाडीचे खारे पाणी शिरून तेच मचूळ लागते. बाजारातले 75 जीपीडीचे (दिवसाला 75 गॅलन क्षमतेचे) आरओ, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून ढकलून क्षार वेगळे करणारे यंत्र, मचूळपणावर उत्तम चालते. गढूळपणावर मात्र एकटे टिकत नाही.

घेण्याआधी टीडीएस मीटर बुडवून बघा. मीटर विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतो, गाळ नाही. लालभडक पाण्यातही तो 80 दाखवेल. भारतीय मानकानुसार 500 पर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. आकडा बारा महिने शे-दीडशेच असेल तर आरओ घेऊच नका, यूएफ (बारीक गाळणी) आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे. पण 900 चे पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या पडद्यातून, शंभराच्या खाली उतरते, ही खरोखर दाद देण्याजोगी गोष्ट आहे. तुरटीने किंवा गाळून खारटपणा तसूभरही जात नाही. उकळल्यावर पाणी आटते, म्हणून तो उलट वाढतो.

गाळाचे काम मशीनबाहेरच्या भांड्यातल्या 5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिजकडे, म्हणजे बदलता येणाऱ्या गाळणीकडे. ते कधी बदलायचे हे कॅलेंडरवर ठरवू नका, जुलैत काढून आडवे कापून पाहा. वरचा थर लाल आणि गाभा पांढरा असेल तर कार्ट्रिजने काम केले. गाभ्यापर्यंत लाल झाले असेल तर माती पुढच्या कार्बन फिल्टरपर्यंत, कदाचित मेम्ब्रेनपर्यंत पोचली, आणि खर्चाचा भाग तोच. भांडे बसवताना ओ-रिंगला खोबरेल लावू नका, रबर फुगून गळती लागते.

गढूळ पाणी कार्ट्रिजकडे जाण्याआधी बादलीत तुरटी वापरा: 20 लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, आधी जोरात, मग सावकाश ढवळून दोन तास निवळत ठेवायचे. आपले पाणी मऊ असल्याने गाळाचे गुठळे नीट धरत नाहीत. तेव्हा चुन्याची निवळी किंचित घातली की काम होते. वरचेच पाणी काढायचे, तळ हलवायचा नाही.

मोठी तक्रार वाया जाणाऱ्या पाण्याची. लिटरभर गोड पाण्यामागे साधारण तीन लिटर नळीतून जाते, तेही विहीर तळाला लागलेली असताना. ते फरशी आणि संडासाला वापरा. मूळ पाण्यापेक्षाही खारट असल्याने कलमांच्या आळ्यात मुळीच नको.

बसवल्या दिवशी आत जाणारा आणि बाहेर येणारा टीडीएस मशीनवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. आत तेवढाच असताना बाहेरचा दुपटीने वाढला, की मेम्ब्रेन बदलण्याआधी त्याची सील तपासा.