जुन्या मालिका फुकट, पण पहिल्या भागापासून: इंदूरच्या मराठी घरांसाठी मोफत स्ट्रीमिंगची पारख

महाराष्ट्राबाहेर केबलच्या मूळ पॅकमध्ये मराठी वाहिन्या सहसा नसतात, एकेक वेगळी मागून घ्यावी लागते. इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळ्या मराठी घरांना हे पाठ आहे. पैसे भरून वाहिनी घेतली तरी दिसतात त्या आजच्या मालिका. 'आभाळमाया', 'वादळवाट', 'अवंतिका' किंवा त्याआधीची दूरदर्शनवरची 'दामिनी' पुन्हा बघायची असेल तर इंटरनेटशिवाय इलाज नाही, आणि आता त्यातलं बरंच काही फुकट मिळतं. मात्र मालिका म्हणजे रोजचा धागा. चित्रपट मधूनच लावला तरी तासाभरात उमगतो, मालिकेचा एकशेचाळिसावा भाग एकटा बघून हाती काही लागत नाही. म्हणून प्रत्येक सेवेला आम्ही तीनच प्रश्न विचारले. पहिल्या भागापासून ओळीने बघता येतं का? भाग पूर्ण आहेत का? चित्र आणि आवाज घरातल्या ज्येष्ठांना सोसवेल असा आहे का?

सुरुवात प्रसार भारतीच्या 'वेव्हज'पासून. हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यावर थेट वाहिन्या आहेत आणि दूरदर्शनचा जुना ठेवाही आहे. 'रामायण', 'महाभारत', 'हम लोग' ही नावं सुरुवातीच्या घोषणेतच होती. बराचसा भाग फुकट, काही भागासाठी वर्गणी आहे, तेव्हा मालिकेचं पान उघडल्यावर आधी कुलपाची खूण दिसते का ते बघा. मोबाइल क्रमांकावरून खातं उघडायचं. टीव्हीच्या अ‍ॅप-दुकानात ते सापडलं नाही तर फोनवर लावून टीव्हीवर कास्ट करा, म्हणजे फोनवरचं चित्र वायफायने टीव्हीवर पाठवा. त्यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झची दोन वेगळी नावं दाखवतो आणि फोन एका नावावर, टीव्ही दुसऱ्यावर असतो. काही राउटरवर अशा वेळी फोनला टीव्ही सापडतच नाही. दोन्ही एका नावावर आणले की बहुतेक वेळा काम होतं.

'हम लोग'साठी हे अ‍ॅप घ्यावंच. १९८४ साली सुरू झालेली ही आपल्याकडची पहिली खरीखुरी सोप मालिका, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, दीडशेहून अधिक भागांची. जुन्या इंदुरी घरांत हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळे भाषेची अडचण नाही. मेक्सिकोत मालिकांमधून साक्षरतेचा आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, त्या धर्तीवर ती आखली होती. सुरुवातीचे भाग त्यामुळेच थोडे उपदेशाचे वाटतात. तिथे सोडू नका, पुढे बसेसरराम, भागवंती, बडकी, मझली, छुटकी ही माणसं उपदेशाच्या वर निघून जातात.

यूट्यूब हा सर्वांत मोठा साठा आणि सर्वांत मोठा गोंधळही. अधिकृत चॅनेल कोणतं, हे कळण्यासाठी वाहिन्यांची नावं कशी बदलली ते ठाऊक हवं. अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये झी मराठी झाली. ई टीव्ही मराठी २००० मध्ये आली आणि २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. स्टार प्रवाह २००८ ची. म्हणजे 'आभाळमाया' शोधताना 'अल्फा' हा शब्द टाकून बघायचा, आणि 'चार दिवस सासूचे'च्या कोपऱ्यात ई टीव्हीची खूण असली तरी आजच्या अधिकृत वाटेचा शोध कलर्सच्या नावाने घ्यायचा. दूरदर्शनसाठी दोन दारं: डीडी सह्याद्रीचं चॅनेल आणि प्रसार भारती अर्काइव्ह्‌जचं. शोध देवनागरीत आणि रोमन लिपीत असा दोनदा करा, निकाल वेगवेगळे येतात.

चॅनेल सापडलं की 'व्हिडिओ'वर जाऊ नका, 'प्लेलिस्ट' उघडा. तिथे मालिकेच्या नावाची यादी असेल तर ती फोनवरून जतन करा, मग त्याच खात्याने टीव्हीवर गेलं की लायब्ररीत तयार मिळते. भाग नेहमी या यादीतूनच लावावा. शोधातून सुटा भाग लावला तर संपल्यावर यूट्यूब त्याला वाटेल ते पुढे लावतं. कधी चाळिसाव्यानंतर बेचाळिसावा, कधी सरळ शेवटच्या भागाची झलक. गोष्टीचा घात इथे होतो. यादी नसेल तर 'व्हिडिओ'मध्ये 'सर्वांत जुने' ही क्रमवारी निवडून स्वतः यादी बांधावी. पन्नास भागांची यादी बांधायला अर्धा तास पुरतो.

आणि एक काम पहिला भाग लावण्याआधीच करायचं: पहिला, शंभरावा आणि शेवटचा असे तीन भाग उघडून बघायचे. पहिला नसेल तर पाया नाही. शंभरावा नसेल तर मध्ये भगदाड आहे. शेवटचा नसेल तर तीन महिने जीव लावून शेवट हाती लागायचा नाही. शेवटच्या भागाचं फक्त शीर्षक बघा, लावू नका.

अनधिकृत चढवलेले भाग ओळखायला टीव्हीच्या तंत्राचं ज्ञान लागत नाही, साडीचा पदर पुरतो. हक्कदाराच्या यंत्राने पकडू नये म्हणून काहीजण चित्र आरशासारखं उलटं करतात. मग मराठी नायिकेचा पदर डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर येतो, भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरतं, दारावरच्या पाटीची अक्षरं वाचता येत नाहीत. गुजराती घराच्या मालिकेत पदर मुळातच उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तिथे पाटी किंवा घड्याळ बघावं. दुसरी खूण म्हणजे चित्र इतकं मोठं केलेलं की कपाळ आणि हनुवटी कापली जाते. तिसरी, आवाज किंचित चिरका किंवा जाड, कारण वेग बदललेला असतो. चौथी, शीर्षकगीत गायब. असे भाग हक्काचा दावा आला की रातोरात उडतात, तेव्हा त्यांच्यावर मालिका सुरू करू नये. शिवाय अशोक पत्कींनी संगीत दिलेलं आणि देवकी पंडितांनी गायलेलं 'आभाळमाया'चं शीर्षकगीत कापून ती मालिका बघण्यात काय मजा?

तिसरा प्रकार म्हणजे स्मार्ट टीव्हीत आधीच बसवलेल्या मोफत थेट वाहिन्या. सॅमसंग टीव्ही प्लस भारतात २०२१ मध्ये आली, इतर कंपन्यांनीही अशा सोयी दिल्या आहेत. खातं नको, वर्गणी नको, रिमोटवर वाहिनी बदलली की चालू. ज्येष्ठांना हे फार सोयीचं पडतं. पण पहिल्या कसोटीवर हा प्रकार नापास आहे. वाहिनी तिच्या वेळापत्रकाने चालते, मागे जाता येत नाही, जाहिरात टाळता येत नाही, आणि तोच गठ्ठा दिवसातून पुन्हा फिरतो. मराठी मालिकांचं प्रमाणही तिथे कमी. आमच्या मते या वाहिन्या चाखण्यापुरत्या घ्याव्यात: एखादी मालिका पाच मिनिटं बघून आवडली तर नाव टिपून घ्यायचं आणि पहिल्या भागासाठी यूट्यूब किंवा वेव्हजवर जायचं.

आता चित्र. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण 'जुन्या मालिका डोळ्यांना त्रास देतात' ही तक्रार बहुतेक वेळा मालिकेची नसते, टीव्हीच्या सेटिंगची असते. या मालिका व्हिडिओ टेपवर, ५७६ रेषांच्या चित्रात आणि ४:३ च्या चौकटीत (रुंदी ४ तर उंची ३) चित्रित झाल्या. आजचा टीव्ही १६:९. टीव्हीने चौकट ओढून पडदा भरला की चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. 'आभाळमाया'तल्या सुकन्या कुलकर्णींचा चेहरा तुम्हाला आठवतो त्यापेक्षा गोल दिसला तर तो काळाचा दोष मानू नका. चित्राचा आकार 'मूळ' किंवा '४:३' वर ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पट्ट्या भरायला 'झूम' केलं तर वरखालून पाव चित्र जातं, आणि मालिकेत सगळा अभिनय डोळ्यांत आणि ओठांत असतो. कधी व्हिडिओ चढवणाऱ्यानेच चित्र ओढलेलं असतं. अशा वेळी टीव्ही '४:३' वर टाकला की ते जागेवर येतं.

शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. जास्त ठेवला तर टेपची खरखर ठळक होते आणि माणसांभोवती पांढरी कड उमटते. यूट्यूबवर दर्जात ७२० चा पर्याय असेल तर तो घ्या. मूळ टेपमध्ये तेवढे तपशील नसले तरी वरच्या दर्जात चित्र कमी दाबलेलं असतं, हलताना चौकोन पडत नाहीत. हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर तो दोष चित्र रूपांतरित करतानाचा. टेपवरचं एक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलेलं असतं आणि ती दोन अर्धी नीट जुळवली गेली नाहीत. हे टीव्हीवर दुरुस्त होत नाही, त्याच भागाचा दुसरा व्हिडिओ शोधावा.

हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद ठेवा, असं सगळे सांगतात. चित्रपटासाठी ते बरोबर आहे, कारण त्याने चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. त्या दोषाला इंग्रजीत नावच 'सोप ऑपेरा इफेक्ट' पडलं, कारण टेपवर चित्रित मालिकांची हालचाल चित्रपटापेक्षा सरळ आणि प्रवाही असायची. आपल्याकडे सेकंदाला ५० अर्धचित्रं यायची. इंटरनेटवर चढवताना बहुतेकांनी त्यांची २५ पूर्ण चित्रं केली आणि ती प्रवाही हालचाल निम्मी झाली. म्हणून फक्त या जुन्या मालिकांपुरतं ते सेटिंग सर्वांत खालच्या पायरीवर चालू करून बघा. दिवाणखान्यातली माणसं पुन्हा 'समोर बसल्यासारखी' वाटतात, ते यामुळे. चित्रपट लावण्याआधी मात्र आठवणीने बंद करा.

आवाजाची दोन दुखणी. पहिलं म्हणजे संवाद हळू आणि जाहिरात कानठळ्या बसवणारी. यूट्यूब मोठा आवाज कमी करतं, पण हळू आवाज वाढवत नाही, म्हणून ही तफावत. टीव्हीतलं आपोआप आवाज सारखा ठेवणारं सेटिंग चालू करा आणि संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो निवडा. 'स्टेडियम' किंवा 'सराउंड' नको, त्यात संवाद पार्श्वसंगीतात बुडतात. दुसरं, आवाज एकाच बाजूने येणं. टेपच्या दोन ध्वनिपट्ट्यांपैकी एकीवरच संवाद असतात आणि तसंच चढवलेलं असतं. फोनवर हेडफोन लावून बघत असाल तर सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'मोनो' चालू करा.

हिशोब आधी करावा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांची गोष्ट असते. 'चार दिवस सासूचे'चे भाग तीन हजारांवर आहेत. म्हणजे अकराशे तासांच्या पुढे, रोज दोन भाग धरले तर चार वर्षांहून जास्त. पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्या घराने ती घेऊ नये, रोहिणी हट्टंगडी कितीही आवडत असल्या तरी. आधी 'हम लोग'सारखी दीडशेच्या आसपासची घ्यावी, रोज दोनप्रमाणे ती अडीच महिन्यांत होते. लांबलचक मालिकांत मागच्या भागाची उजळणी आणि शीर्षकगीत मिळून दोन-तीन मिनिटं जातात. लागोपाठ भाग बघताना उजळणी पुढे सरकवा, गीत पहिल्या भागाला तरी पूर्ण ऐका.

डेटा: ४८० च्या दर्जात तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी. घरात ब्रॉडबँड असेल तर प्रश्नच नाही. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर दोन भाग आरामात निघतात, पण दर्जा 'ऑटो'वर सोडू नका. जून-जुलैत वीज जाते आणि इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडून परत सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. महाराणी रोडवर विचारताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर टिपून न्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टवाल्याला १२ चा जोडला तर राउटर जळू शकतो.

नेट अगदीच धड नसलेल्या घरासाठी डीडी फ्री डिश आहे. डबा आणि तबकडी एकदाच विकत घ्यायची, महिन्याचं भाडं नाही, डीडी सह्याद्री त्यावर दिसते. इंदूरहून तिचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर येतो. त्या बाजूला शेजारची बहुमजली इमारत किंवा आंब्याचं झाड नाही ना, हे गच्चीवर उभं राहून आधी बघा. बाजारातली तबकडी दिसायला त्याहून बरीच उभी बसते, ते तसंच असतं. जुनं काही लागलं तर लागलं, निवड आपल्या हाती नाही.

घरात दोघं वेगवेगळ्या वेळी एकच मालिका बघत असतील तर दोन खाती ठेवा. एकाच खात्यावर आजींचा भाग तेविसावा आणि सूनबाईंचा एकतिसावा असला की कुठवर बघितलं ते दाखवणारी व्हिडिओखालची लाल रेघ कुणाची, ते कळत नाही. वहीच्या मागच्या पानावर भागाचा आकडा लिहून ठेवणं त्याहूनही पक्कं. 'हम लोग'चा भाग पूर्ण आहे का, हे तपासायला आकडाही नको. शेवटी अशोक कुमार येऊन बोलतात, 'छन्न पकैया' म्हणतात. ते आले नाहीत तर भाग कापलेला आहे, दुसरा शोधा.