कुत्र्यासाठी 24 तासांचा होल्टर: घ्यावा का, बांधावा कसा

खानापूरपासून निपाणीपर्यंत डॉबरमन आणि बॉक्सर पाळणारे बरेच आहेत, मुधोळ हाउंड तर शेजारच्याच जिल्ह्यातला. कुत्रा पळता पळता अचानक कोसळतो आणि मिनिटभरात उठून शेपूट हलवतो. दवाखान्यात काढलेला ईसीजी मात्र स्वच्छ निघतो, कारण त्या अर्ध्या मिनिटात जेमतेम चाळीस ठोके दिसतात. मिनिटाला सरासरी 80 ठोके धरले तर दिवसाचे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास जातात. चुकीचा ठोका त्या गर्दीत लपलेला असतो. म्हणून एक दिवस भाड्याने होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र, घ्या, असंच आमचं मत आहे.

यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं आणि जॅकेटच्या खिशात बसतं. खरं काम इलेक्ट्रोडचे पॅच चिकटवण्याचं. कोपराच्या मागे छातीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा ट्रिमरने साफ करा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाईत ओल्या कातडीवर लावलेला पॅच रात्रीपर्यंत सुटतो. खानापूरच्या पावसाळी हवेत तर त्याआधीच. वरून बँडेज गुंडाळताना दोन बोटं आत शिरतील इतकं सैल ठेवा. मुधोळची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे सरळ गुंडाळलेली पट्टी मागे घसरते. ती पुढच्या पायांच्या मधून काढून खांद्यावरून आठच्या आकड्यासारखी फिरवावी लागते. बॅटरी दर वेळी नवीनच घाला.

कुत्र्याला त्या दिवशी कोंडून ठेवू नका. रोजचं फिरणं, भुंकणं, खेळणं सगळं होऊ द्या, फक्त अंघोळ आणि पोहणं नको. फिरणं, झोप, औषध, कोसळणं यांच्या वेळा कागदावर लिहा. तो कागद नसेल तर अहवालातलं अर्धं वाचता येत नाही. वाचण्याजोगी नोंद किमान 20 तासांची हवी.

आता सगळ्यात मोठी खोट. माणसांचं होल्टर सहज मिळतं, पण त्याचं सॉफ्टवेअर माणसांसाठी आहे. कुत्र्याचा ठोका श्वासाबरोबर नैसर्गिकरीत्याच कमी-जास्त होतो, झोपेत दोन सेकंदांहून मोठा विरामही निरोगी कुत्र्यात दिसतो. सॉफ्टवेअर त्याला दोष म्हणतं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर रेघेवर उमटणाऱ्या टी-लहरी मोठ्या असल्या तर त्यांना कधी वेगळा ठोका म्हणून मोजतं. म्हणून अहवाल प्राण्यांच्या हृदयतज्ज्ञाने हाताने तपासलेलाच घ्या. नोंद ऑनलाइन पाठवता येते, त्यासाठी कुत्र्याला बंगळूर-पुण्याला न्यायची गरज नाही.

आकडे जातीनुसार बदलतात. डॉबरमनमध्ये दिवसाला 300 हून जास्त वेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघणारे) जादा ठोके, किंवा वर्षभरात दोनदा 50 ते 300, म्हणजे हृदयस्नायूचा छुपा आजार धरतात. तपासणी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. बॉक्सरमध्ये 100 च्या वर गेले की संशय. पण बॉक्सरमध्ये ही संख्या एका दिवसातून दुसऱ्या दिवशी आपोआप खूप वर-खाली होते. औषध लागू पडलं म्हणायला सुमारे 80-85 टक्के घट दिसायला हवी, निम्मी घट पुरत नाही.

मोबाईलला जोडायची कार्डिया मोबाईल ही ईसीजीची छोटी पट्टी जोडसाधन म्हणून चांगली. डाव्या कोपरामागचे केस बाजूला करून स्पिरिट लावा, पट्टी छातीवर धरा, 30 सेकंद कुत्रा धापा न टाकता उभा राहिला की झालं. साधं मॉडेल आवाजाच्या लहरींनी फोनशी बोलतं, त्यामुळे मिक्सर चालू असलेल्या खोलीत नको. अॅप देईल तो निकाल बाजूला ठेवा, फक्त रेघ डॉक्टरांना पाठवा. कोसळण्याच्या क्षणी हाताशी असेल तर ते होल्टरइतकंच मोलाचं.

स्मार्ट कॉलरमध्ये ईसीजीची रेघ नसते. झोपेतल्या श्वासांची मोजणी मात्र कामाची: मिनिटाला 30 च्या वर सतत राहिली तर डॉक्टर गाठा.

पॅच काढताना ओढू नका. कडेने खोबरेल तेल सोडून पाच मिनिटं थांबा.