कोपऱ्यातली सही माझी नव्हती

पोस्टर माझंच होतं. शो अंधेरीतल्या एका क्लबमध्ये होता. दारापाशी टी-शर्ट आणि बॅज मांडलेलं टेबल, आणि मागे दोरीला चिमट्यांनी लटकवलेली माझी पोस्टर्स. १८ बाय २४ इंच, किंमत ८०० रुपये. खाली पेन्सिलीने १४३/२०० असा आकडा, म्हणजे दोनशे प्रतींमधली १४३वी, आणि पुढे माझी सही. इंग्रजीत. मी आयुष्यात कधी इंग्रजीत सही केलेली नाही, बँकेतसुद्धा मराठीतच करते.

मुंबईतल्या रॉक बँडची पोस्टर्स मी नऊ वर्षं करते आहे. आधी जॅमरूममध्ये जाऊन बसते, गाणी कच्ची असतानाच ऐकते. या बँडच्या ड्रमरचे आजोबा गिरणीत होते. एका गाण्यात गिटारचा सूर लांबत जातो, तो त्याला गिरणीच्या भोंग्यासारखा वाटायचा. त्या एका वाक्यावरून चित्र सुचलं: बंद गिरणीची चिमणी आणि तिच्या तोंडातून धुराऐवजी बाहेर पडणारी गिटारची वायर. गायकाने वायरचा वेढा बदलायला लावला, बेसिस्टने केशरी रंग गंजाकडे न्यायला सांगितला. दोघांचंही बरोबर होतं. पाच शहरांचा दौरा, म्हणून एका चित्राची पाच रूपं. इतकं सुंदर काम मला क्वचित मिळालं आहे.

तिसऱ्या बैठकीला ‘टूर मॅनेजर’ आला. बोलायला गोड, सगळ्यांना ओळखणारा. निघताना मला जिन्यात गाठून म्हणाला, “ताई, बँडशी पैशाचं बोलू नका. कलाकार माणसं आहेत, मूड जातो. ते माझ्यावर सोडा.” मला हायसंच वाटलं. ज्यांच्याबरोबर चहा पीत रात्री जागवल्या, त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. त्याने नेमकं तेच हेरलं होतं, हे आता कळतं.

त्याने माझा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, त्यात बँडमधलं कुणीच नव्हतं. कोटेशन मी मेलने पाठवलं: पोस्टरमागे १२,०००, एकूण ६०,०००. मेलला उत्तर आलं नाही, फोन आला. “ओके आहे, सुरू करा.” १०,००० अ‍ॅडव्हान्स लगेच जमा झाला आणि माझी उरलीसुरली शंका मिटली.

मग एका शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन. प्रिंटर थांबलाय, स्क्रीन आत्ताच बनवायच्या आहेत, ओपन फाइल पाठवा. मी पाठवली.

इथे जरा थांबून सांगते, कारण नवीन मुलांना ओपन फाइल म्हणजे फक्त मोठी फाइल वाटते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म निघते, तिच्यावरून वेगळी स्क्रीन बनते. माझ्या फाइलमध्ये काळा, गंजकेशरी आणि निळा आपापल्या लेयरवर सुटे होते. ती ज्याच्या हाती पडते, तो कुठल्याही गाळ्यात, कितीही प्रती ओढू शकतो. लालबाग-परळचा मूर्तिकार मूर्ती विकतो, साचा देत नाही. मी साचा दिला. मंजुरीसाठी कमी रिझोल्यूशनचं, वॉटरमार्क घातलेलं चित्र पुरतं आणि छपाईच्या फिल्म मी स्वतः आमच्या प्रिंटरकाकांकडे नेऊन देऊ शकले असते. नेहमी तसंच करते. त्या रात्री घाईला भुलले.

उरलेल्या ५०,००० साठी दोन महिने ‘सोमवारी करतो’ ऐकलं. बँडला विचारलं नाही, कारण त्यांचेच पैसे अडकलेत असं तो सांगत होता.

ती सही दिसली तेव्हा मी शो संपायची वाट पाहिली आणि ड्रमरला टेबलापाशी आणलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. पूर्ण ६०,००० त्यांनी कामाच्या आधीच त्या माणसाला दिले होते. त्याने त्यांना सांगितलं होतं, “तिला पैशाचं विचारू नका, तिला अपमान वाटतो.” सह्याही मी घरी बसून केल्या, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण हा दिवाणी मामला वाटतो म्हणाले. वकीलबाईंनी मात्र एक गोष्ट सांगितली, ती मला आधी माहीत हवी होती: कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. फाइल पाठवली म्हणून हक्क गेले नाहीत. कलाकृतीची नोंदणी सक्तीची नाही, पण ५०० रुपयांत होते आणि वाद झाला तर पुरावा म्हणून उभी राहते. पाचही पोस्टर्सची मी ती केली. खटल्याचं अजून ठरायचं आहे. बँडने आपल्या खिशातून २५,००० दिले. घेताना मला रडू आलं, कारण ते पैसे त्यांनी दुसऱ्यांदा दिले होते.

साठच्या दशकात रॉक शोची पोस्टर्स करणाऱ्या अमेरिकन चित्रकार वेस विल्सनची वितळणाऱ्या अक्षरांची पोस्टर्स माझ्या टेबलामागे लावलेली आहेत. त्यानेही १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर या सभागृहाचं काम पैशाच्या वादातून सोडलं होतं. शेवटच्या पोस्टरवर त्याने साप आणि डॉलरचं चिन्ह काढलं. कितीदा बघितलं असेल मी ते.

गेल्या महिन्यात अप्लाइड आर्टला शिकणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. एका बँडचं काम मिळालंय, दर किती सांगू? सोबत मॅनेजरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट: ‘बँडशी पैशाचं बोलू नकोस, कलाकार माणसं आहेत, मूड जातो.’

मी लगेच फोन केला. ओपन फाइल पाठवलीस का, एवढंच विचारलं.

“आज रात्री पाठवणार होते, ताई.”