कीटकांचे क्लोज-अप: फ्लॅश की नुसता उजेड?

१:१ मॅक्रोला (म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/११ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग फोकसमध्ये येतो. एवढ्या लहान अ‍ॅपर्चरला पावसाळी झाडीत नुसत्या उजेडावर शटर इतकं हळू ठेवावं लागतं, की मुंगीने मिशा हलवल्या की फोटो गेलाच. फ्लॅश अगदी कमी पॉवरवर १/१०००० सेकंदाहूनही कमी वेळ पेटतो. हालचाल जागीच गोठते. मात्र उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) हवाच, आणि तो किड्याच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. (लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश मला नाही आवडत, पाठीवर गोल कडं उमटतं.)

पहाटे दवात गारठलेला चतुर मिळाला तर ट्रायपॉड लावून नैसर्गिक उजेडच घ्या. मागची हिरवाई टिकते. फ्लॅशमध्ये ती बऱ्याचदा काळीठिक्कर पडते.