ट्रेडिंगची पुस्तकं: कपाटभर घेतली, कामाला आली पाच-सात

आधी कबुली देऊन टाकतो, शेअर बाजारातल्या ट्रेडिंगची ही पुस्तकं मी पार उलट्या क्रमाने वाचली. लागोपाठ दोन-तीन मोठे लॉस झाले की आपल्याला वाटतं किमतीचा चार्ट तर आपल्याला कळतो, गडबड डोक्यात आहे, भीती आणि हाव कंट्रोल होत नाही, मग सायकॉलॉजीचं पुस्तक घ्यायचं. मी पण तेच केलं. मार्क डग्लसचं 'ट्रेडिंग इन द झोन' घेतलं, दोन रात्रीत संपवलं, पेन्सिलने निम्मं पुस्तक रंगवलं आणि पुढच्याच आठवड्यात मी परत स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडायची आधी ठरवलेली किंमत, खाली सरकवत बसलेलो. म्हणलं फालतू पुस्तक आहे, लोकं उगाच डोक्यावर घेतात.

फालतू नव्हतं. मीच ते चुकीच्या वेळी उघडलं होतं.

हे पुस्तक २००० सालचं. मुद्दा एवढाच की पुढचा ट्रेड जिंकेल की हरेल हे कुणालाच माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते, तुमच्या पद्धतीत थोडी जरी जास्तीची शक्यता असेल तर ती खूप ट्रेड मिळून दिसते, कॅसिनोवाला जसा एका डावाची फिकीर करत नाही तसं. पटतं लगेच. पण डग्लस ही गोष्ट इतक्या वेळा फिरवून फिरवून सांगतो की मधल्या चॅप्टरमध्ये झोप येते, माणसाच्या समजुती कशा तयार होतात वगैरे प्रकरण तर निम्मं कापलं असतं तरी चाललं असतं. खरा माल शेवटी आहे. तिथे तो एक व्यायाम देतो: एक मार्केट निवडा, एक पद्धत निवडा, आत कुठे शिरायचं, स्टॉपलॉस कुठे, नफा कुठे घ्यायचा हे आधीच ठरवा आणि त्या नियमात बसणारे कमीत कमी २० ट्रेड एकही न गाळता घ्या, मध्ये काहीही बदलायचं नाही. बास. अख्ख्या पुस्तकाची किंमत या पानांत वसूल होते.

आता माझी गोची काय झाली सांगतो. व्यायाम करायला आधी नियम पाहिजेत ना! माझ्याकडे एकही लिहिलेला नियम नव्हता, मला 'वाटलं' की घ्यायचो आणि 'भीती वाटली' की विकायचो. जिथे नियमच नाही तिथे शिस्त कसली पाळणार, आणि मोडणार तरी काय. म्हणून सायकॉलॉजीचं पुस्तक पहिलं घेऊ नका असं मी आता भेटेल त्याला सांगतो, पण बहुतेक जण ऐकत नाहीत, लॉस ताजा असतो ना.

पहिलं घ्यायचं असेल तर अलेक्झांडर एल्डरचं 'ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग', १९९३ चं. एल्डर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे डोक्याचा भाग त्यातही आहेच, लॉसमागे धावणाऱ्या ट्रेडरची त्याने दारूच्या व्यसनाशी केलेली तुलना वाचून मला जरा राग आला होता, कारण बरोबर होती. पण तो तिथे थांबत नाही. मन, पद्धत आणि पैसा हे तिन्ही पाय असल्याशिवाय स्टूल उभं राहत नाही असा त्याचा हिशोब. आणि त्याचा तो प्रसिद्ध २ टक्क्यांचा नियम, म्हणजे एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त रिस्क घ्यायचीच नाही.

वाचताना हा नियम बोअर वाटतो. मग मी कागदावर गणित केलं. समजा सलग १० ट्रेड हरलो. दर वेळी उरलेल्या भांडवलाच्या २ टक्के गेले तर शेवटी १०० चे साधारण ८२ उरतात, आणि परत १०० वर यायला २२-२३ टक्के कमवावे लागतात, होण्यासारखं आहे. दर वेळी १० टक्के गेले तर उरतात ३५ च्या आत, आणि परत यायला जवळपास १८७ टक्के! सलग १० म्हणजे अती झालं म्हणाल, पण नाणं १०० वेळा उडवलं तर कुठे ना कुठे सलग ५ वेळा छापा पडायची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे निम्मे ट्रेड जिंकणाऱ्या चांगल्या पद्धतीतही सलग ५ लॉस हा नशिबाचा घाला नाही, नेहमीचं हवामान आहे. मी प्रत्येक ट्रेडला १० टक्क्यांवर खेळत होतो आणि वर विचारत होतो की माझे हात का थरथरतात. हात बरोबरच थरथरत होते हो. ट्रेडची साईझ, म्हणजे एका ट्रेडला लावायची रक्कम, कमी केली आणि माझा निम्मा सायकॉलॉजीचा प्रॉब्लेम कुठलंही पुस्तक न वाचता गेला.

याच्याच जोडीला व्हॅन थार्पचं 'ट्रेड युवर वे टू फायनान्शियल फ्रीडम'. नाव ऐकून मी दोन वर्षं हात लावला नव्हता, अशा नावाची पुस्तकं सहसा भिकार असतात. आत मात्र कामाची गोष्ट आहे. ट्रेड घेताना जेवढी रिस्क घेतली तिला एक आर म्हणायचं आणि नफा-तोटा सगळा आर मध्ये मोजायचा. १०० पैकी ४० च ट्रेड जिंकले पण जिंकताना २ आर मिळाले आणि हरताना १ आर गेला, तरी सरासरी दर ट्रेडला ०.२ आर हातात राहतो. बरोबर किती वेळा आलो याचा नाद या एका हिशोबाने सुटतो. बाकी पुस्तक पसरट आहे, सरळ पोझिशन साईझच्या भागावर जा.

चार्टसाठी जॉन मर्फीचं 'टेक्निकल ॲनालिसिस ऑफ द फायनान्शियल मार्केट्स', १९९९. पाचशेच्या वर पानांचं धूड आहे, सलग वाचायला जाऊ नका, शब्दकोश वापरतो तसं वापरा. मी पहिल्यांदा सलग वाचलं आणि शेवटी चार्टवर एकाच वेळी सात इंडिकेटर (किमतीवरून गणिताने काढलेल्या रेषा) लावले, खाली किंमत दिसेना.

आणि आता माझं लाडकं. 'रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर', एडविन लेफेव्हर, १९२३. हे शिकवायचं पुस्तक नाहीच, गोष्ट आहे, जेसी लिव्हरमोर या अमेरिकेतल्या खऱ्या सट्टेबाजाच्या आयुष्यावर बेतलेली, नाव फक्त बदललंय. ब्रोकरकडे फळ्यावर भाव लिहिणारा पोरगा पुढे मोठा सट्टेबाज होतो, बुडतो, उठतो, परत बुडतो. त्यात एक प्रसंग आहे, त्याच्याकडे गहू नफ्यात आहे आणि कापूस तोट्यात, आणि हा शहाणा गहू विकतो आणि कापूस धरून ठेवतो, वर आणखी घेत जातो, दुसऱ्या एका हुशार माणसाच्या बोलण्यात येऊन. मी ते वाचून पुस्तक पालथं ठेवलं आणि माझी होल्डिंग, म्हणजे घेऊन ठेवलेल्या शेअर्सची यादी, उघडून बघितली. सेम. नफ्यातलं सगळं विकलेलं, तोट्यातलं सगळं जपून ठेवलेलं, बागेत फुलं खुडून गवताला पाणी. या सवयीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये पेपर लिहिला, गोष्टीत ती त्याच्या साठ वर्षं आधीच आली होती. फक्त एक लक्षात ठेवा, खरा लिव्हरमोर पुढे दिवाळखोर झाला आणि १९४० मध्ये त्याने स्वतःला संपवलं. पुस्तक त्याच्या आधीच थांबतं, त्यामुळे त्याला देव करून वाचू नका.

जॅक श्वागरचं 'मार्केट विझार्ड्स' (१९८९) नावाजलेल्या ट्रेडर्सच्या मुलाखतींचं आहे, मजा येते, पण यातून पद्धत उचलायला जाल तर वेडे व्हाल. जिम रॉजर्स चार्टवाल्यांची टिंगल करतो आणि त्याच पुस्तकात मार्टी श्वार्ट्झ सांगतो की मी श्रीमंत झालो तो चार्टवरच. दोघंही खरं बोलतायत. सारखं काय आहे तर लॉस छोटा ठेवायचा, हे जवळपास प्रत्येकाच्या तोंडी आहे. आणि मुलाखती जिंकलेल्यांच्याच आहेत, त्याच पद्धतीने बुडालेल्यांना कोण विचारायला गेलंय? म्हणून याच्या पाठोपाठ तालेबचं 'फूल्ड बाय रँडमनेस' वाचा, नशिबाला आपण हुशारी कसं समजतो याबद्दल आहे, माणूस जरा आगाऊ लिहितो पण मुलाखतींच्या नशेवर औषध चांगलं आहे.

बाकी कपाटातली सांगत बसत नाही. एक तर कोर्सबरोबर फुकट मिळालेलं होतं, कुणाचं ते जाऊ दे, त्यात प्रत्येक चार्टवर बाण बरोबर तळाला आणि बरोबर टोकाला. हरलेला ट्रेड एकही नाही! तेव्हापासून मी पुस्तक घ्यायच्या आधी चाळून दोनच गोष्टी बघतो, लेखकाने स्वतःचा फसलेला ट्रेड दाखवलाय का आणि बाहेर कधी पडायचं यावर किती पानं आहेत. आत कधी शिरायचं यावर दोनशे आणि बाहेर पडण्यावर चार असतील तर ठेवून द्या परत.

अजून एक, पुस्तकं वाचून लगेच जास्त ट्रेड करायची खुमखुमी येते, मला दर वेळी येते. बार्बर आणि ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरची ६६,४६५ घरांची १९९१ ते १९९६ ची खाती तपासली होती, त्यात सगळ्यात जास्त घेणं-विकणं करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले आणि मार्केटने दिले १७.९. तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलाय.

डग्लस मी एल्डर आणि थार्पनंतर परत वाचला, या वेळी फक्त शेवटचा भाग, वही घेऊन. पहिल्यांदा २० चा सेट सातव्या ट्रेडलाच मोडला, दुसऱ्यांदा चौदाव्याला, कारण आठवा आणि नववा ट्रेड लॉसमध्ये गेला तेव्हा सहन केलं पण चौदाव्याला नफा लवकर घेतला आणि मग सगळंच ढिलं पडलं. आता तिसरा सेट चालू आहे, बारा झालेत, सात लॉस, पाच नफा, आणि वहीत एकूण अधिक १.५ आर.