दोन रात्री: बँकॉक की सिंगापूर?

रत्नागिरीहून आधी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, म्हणजे आम्हा दोघांच्या शनिवार-रविवारला रजा जोडावीच लागते. सिंगापूर देखणं, शिस्तीचं. विमानतळावरून मेट्रोने शहरात. पण व्हिसा आधी काढायचा, हॉटेलंही महाग. माझा कौल बँकॉकला. चातुचकचा बाजार नेमका शनिवार-रविवारीच पुरता भरतो. आणि चाओ फ्राया नदी! बोटीत तिकीटवाली पत्र्याची नळी खुळखुळवत येते, समोर ‘वाट अरुण’ या बौद्ध मंदिराचं चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर उन्हात चमकतं. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेल्या माणसाला असं पाण्याला बिलगलेलं शहर लगेच आपलं वाटतं. सिंगापूरला आईबाबांना घेऊन जाऊ, चांगले चार दिवस काढून.